लंडनच्या महापौराला मत द्यायचंय? भारतीय पासपोर्टवरही देता येतं

पहिली तीन वर्षं मी मत दिलंच नाही. पासपोर्ट भारतीय, मग आपल्याला कोण विचारतंय, असं वाटायचं. पण भारत राष्ट्रकुलात आहे. इथे कायदेशीर राहणाऱ्या, १८ पूर्ण झालेल्या आपल्या लोकांना हा हक्क आहे. विद्यार्थ्यांनासुद्धा!

आधी मतदार यादीत नाव घाला. ऑनलाइन होतं, नॅशनल इन्शुरन्स नंबर (कर आणि सामाजिक विम्यासाठी सरकार देतं तो क्रमांक) हाताशी ठेवा. मतदानाच्या १२ कामकाजाचे दिवस आधी मुदत संपते, त्यामुळे आजच करा.

मग उमेदवार काय करणार ते वाचा. २ मे २०२४ ला लेबर पक्षाचे महापौर सादिक खान तिसऱ्यांदा उभे होते, समोर कन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या सुझन हॉल. जास्त धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांवरचा रोजचा साडेबारा पौंडांचा युलेझ आकार खान यांनी मध्य लंडनपासून वाढवत लंडनभर लावला होता. हॉल हा विस्तार रद्द करणार होत्या. शेजारच्या काकांची डिझेल गाडी, माझ्या लेकीला दमा. आमच्या जिन्यात यावर खूप बोलणं झालं, आणि ते व्हायलाच हवं.

केंद्र सकाळी ७ ते रात्री १०. फोटो ओळखपत्र लागतंच, भारतीय पासपोर्ट चालतो. पूर्वी दुसरी पसंती देता यायची. २०२४ ला मात्र महापौरासाठी एकच फुली होती. गुलाबी मतपत्रिका, दोरीला बांधलेली पेन्सिल. फुली चौकटीतच मारा, घडी घाला, पेटीत टाका.