गार्डची नोकरी, टॅक्स रिटर्न आणि किलोमीटरची वही

ऑस्ट्रेलियात सिक्युरिटीत असाल तर रिटर्न भरायच्या आधी, खरंतर टॅक्सचं वर्ष सुरू होतं त्या १ जुलैलाच, गाडीत एक वही ठेवा. गेल्या वेळी माझी तीच राहिली. शनिवारी एका साइटची शिफ्ट संपली की तिथूनच थेट दुसऱ्या साइटवर, २२ किमी. समजा असे ४५ शनिवार, म्हणजे ९९० किमी, २०२४-२५ च्या किमीला ८८ सेंटच्या दराने ८७१ डॉलरचं डिडक्शन, म्हणजे तेवढ्या कमाईवर टॅक्स नाही. मी अंदाजाने आकडा टाकला. आकडा कसा काढला असं विचारणारं टॅक्स ऑफिसचं पत्र आलं तेव्हा नोकरी बदललेली, जुनं रोस्टर ॲप बंद, हातात काहीच नाही. सगळा क्लेम सोडावा लागला.

म्हणून वहीत तारीख, कुठून कुठे, किती किमी, एवढंच, आणि गाडी लावल्या लावल्या तिथेच लिहा, रात्री घरी गेल्यावर लिहीन म्हणाल तर होत नाही. रोस्टरचा स्क्रीनशॉट दर आठवड्याला काढा. घर ते साइट मात्र धरू नका, नाइट शिफ्ट असली तरी नाही, मधे घरी जाऊन आलात तरी नाही.

सिक्युरिटी लायसन्स रिन्यूअलची फी क्लेममध्ये चालते, पहिल्यांदा काढलेल्या लायसन्सची नाही, इथे बरेच जण चुकतात. लोगोवाला युनिफॉर्म चालतो, साधी काळी पँट आणि काळे बूट कंपनीने सक्तीने घालायला लावले तरी चालत नाहीत, त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. युनिफॉर्मची धुलाई फक्त कामाचे कपडे असतील तर लोडला १ डॉलर, घरच्या कपड्यांत मिसळली तर ५० सेंट, १५० डॉलरपर्यंत पावती लागत नाही, पण किती वेळा धुतलं ते सांगता आलं पाहिजे. तेही वहीतच लिहा की.

गाडी सोडून बाकी खर्च ३०० डॉलरच्या वर गेला तर (धुलाईचे ते १५० वगळता) सगळ्या रकमेच्या पावत्या लागतात, नुसत्या वरच्या नाही. टॉर्चची पावती महिन्यात पांढरी पडते, फोटो काढून ठेवा. मोबाइलचा फक्त कामाचा हिस्सा, त्यासाठी ४ आठवड्यांची नोंद. जिम नाही. कंपनीने परत दिलेले पैसे नाहीत.

रिटर्न स्वतः भरत असाल तर शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर, कागद ५ वर्षं जपा. आणि वही आजच गाडीत ठेवा, पेनसकट.