जुना इलेक्ट्रॉनिक ऑर्गन घेताय? या चुका टाळा

जाहिरातीत ‘चालू स्थितीत’ असं लिहिलेलं असतं. जुन्या ऑर्गनच्या बाबतीत त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की प्लग लावला की दिवे लागतात आणि कुठून तरी आवाज येतो. विकणारा खोटं बोलतोच असं नाही. घरातलं वाजवणारं माणूस गेलेलं असतं किंवा त्याचं वाजवणं सुटलेलं असतं, आणि बाकीच्यांना फार तर ऱ्हिदमचं, म्हणजे आपोआप ताल वाजवणारं बटण ठाऊक असतं. त्यामुळे तपासणी करायची ती घेणाऱ्यानेच.

हे सगळं दोन कीबोर्ड, खाली पायाने वाजवायची पेडलं आणि लाकडी पेटी असलेल्या विजेवरच्या घरगुती ऑर्गनबद्दल आहे. भात्याच्या रीड ऑर्गनची दुखणी वेगळी.

ऱ्हिदमला भुलणं

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. विकणारा ऱ्हिदम लावतो, डाव्या हाताने एक पट्टी दाबतो, ऑटो-कॉर्डमधून सगळा वाद्यवृंद सुरू होतो आणि ऐकणारा खूश. या गदारोळात पाच-सहा पट्ट्या मुक्या असल्या तरी कळत नाहीत.

म्हणून आधी सगळं बंद करायला लावा: ऱ्हिदम, व्हायब्रेटो, रिव्हर्ब, ऑटो-कॉर्ड. वरच्या कीबोर्डचा एकच स्टॉप (आवाजाचा प्रकार निवडायचं बटण) चालू ठेवा, शक्यतो ८ फुटी फ्लूट, आणि डावीकडून उजवीकडे काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या एकेक करून दाबा. मग तो स्टॉप बंद, पुढचा चालू, पुन्हा सगळ्या पट्ट्या. तेच खालच्या कीबोर्डवर, तेच पेडलांवर. ड्रॉबार (आवाज मिसळायच्या सरकत्या दांड्या) असतील तर एका वेळी एकच ओढायचा. अर्धा-पाऊण तास जातो, घरचे लोक कंटाळतात, कंटाळू द्या. सोबत कागद ठेवा आणि कोणता सूर, कोणत्या सप्तकात, कोणत्या स्टॉपवर गेलाय ते लिहून काढा. त्याचा उपयोग पुढे आहे.

आणखी एक: तुम्ही पोचायच्या आधी ऑर्गन चालू करू नका असं फोनवरच सांगून ठेवा. काही दोष मशीन थंड असतानाच दिसतात आणि दहा मिनिटांत गरम झाल्यावर लपतात. काहींचं उलटं असतं, ते तापल्यावरच डोकं वर काढतात. म्हणून शेवटी पुन्हा एकदा दोन्ही कीबोर्डवरून हात फिरवा.

बंद सुरांची नुसती मोजदाद करणं

‘फक्त तीन पट्ट्या वाजत नाहीत’ यावरून काहीच ठरत नाही. कोणत्या तीन, ते महत्त्वाचं.

एखादी पट्टी एकाच कीबोर्डवर मुकी आहे आणि तोच सूर दुसऱ्या कीबोर्डवर व्यवस्थित वाजतोय, तर सूर तयार होतोय, फक्त पट्टीखालचा कॉन्टॅक्ट मळलाय. हे दुखणं किरकोळ. वीस-पंचवीस वेळा पट्टी दाबून बघा, कधीकधी तिथल्या तिथे आवाज परततो. खरखरत परतला तरी चालेल, साफसफाईने बसेल.

ट्रान्झिस्टरच्या काळातल्या बऱ्याच ऑर्गनमध्ये वरच्या सप्तकाचे बारा सूर आधी तयार होतात आणि त्यांची कंपनसंख्या निम्मी-निम्मी करत खालची सप्तकं मिळवली जातात. त्यामुळे एखादा सूर वरच्या सप्तकात ठीक आणि एका ठिकाणापासून खाली सगळीकडे गप्प असेल, तर त्या सुराचा डिव्हायडर गेला. तोच सूर सगळ्या सप्तकांत गायब असेल तर दोष मुळाशी, म्हणजे त्या सुराच्या ऑसिलेटरमध्ये (सूर निर्माण करणाऱ्या सर्किटमध्ये).

यात एक गंमत आहे. एकच सूर सगळ्या सप्तकांत सारखाच बेसूर असेल, म्हणजे सगळे ‘ग’ जरासे उतरलेले, तर ऐकायला ऑर्गन भंगारात काढण्यासारखा वाटतो. पण बारा सुरांना बारा स्वतंत्र ऑसिलेटर असलेल्या जुन्या मॉडेलमध्ये तो फक्त ट्यूनिंगचा प्रश्न असतो. त्या सुराच्या कॉइलचा गाभा जरा फिरवला की झालं. असा ऑर्गन कुणी वैतागून काढून टाकत असेल तर मी आनंदाने बघायला जाईन.

१९७० च्या दशकात या बारा ऑसिलेटरांच्या जागी एकच आयसी, म्हणजे चिप आली. मॉस्टेक कंपनीचा एमके५०२४० हा त्यातला प्रसिद्ध. सुमारे २ मेगाहर्ट्झच्या एका क्लॉक सिग्नलमधून तो वरच्या सप्तकाचे सगळे सूर काढतो. अशा ऑर्गनमधला एखादा सूर इतरांच्या तुलनेत उतरत नाही. असला तर असतो, नाहीतर नसतो. हे आयसी बनणं कधीच थांबलंय, पण मायक्रोकंट्रोलरवर केलेले पर्याय मिळतात, त्यामुळे लगेच धीर सोडू नका.

धीर सोडायचा तो नंतरच्या डिजिटल मॉडेलांत. तिथे आवाज कंपनीच्या स्वतःच्या खास चिपमधून येतो. ती गेली तर तसाच दुसरा मेलेला ऑर्गन शोधून त्यातली काढणं एवढाच मार्ग उरतो. शिवाय अशा मॉडेलांत डिस्प्ले, फ्लॉपी ड्राइव्ह आणि मेमरी टिकवणारी बॅटरी या तीन गोष्टी आवर्जून बघा. बॅटरी पाझरून आजूबाजूचा बोर्ड खाल्लेला असेल तर त्या वाटेला जाऊच नका.

नावावर जाणं

‘हॅमंड आहे’ एवढं ऐकून गाडी सांगणारे लोक मी पाहिलेत. हॅमंड ही ऑर्गनची नामांकित अमेरिकन कंपनी, तिचा पहिला ऑर्गन १९३५ सालचा. त्याचा जगप्रसिद्ध आवाज येतो मोटरवर फिरणाऱ्या दातेरी धातूच्या चाकांमधून, म्हणजे टोनव्हीलमधून. पण १९७० च्या दशकाच्या मध्याला टोनव्हील बनणं थांबलं, आणि त्याआधीही हॅमंडने पूर्ण इलेक्ट्रॉनिक मॉडेल्स विकली आहेत. नाव तेच, आतलं यंत्र वेगळं.

ओळखायचं कसं? ‘स्टार्ट’ आणि ‘रन’ असे दोन वेगळे स्विच असतील तर टोनव्हील नक्की. एकच स्विच असेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण एल-१०० सारख्या टोनव्हील मॉडेलची मोटर आपोआप सुरू होते. मागची फळी उघडून टोनव्हील असलेल्या जनरेटरचा लांबट लोखंडी सांगाडा डोळ्यांनी बघा. दोन स्विचवाला ऑर्गन सुरू करताना ‘स्टार्ट’ सुमारे ८ सेकंद धरायचा, तो धरलेला असतानाच ‘रन’ लावायचा, आणखी ३-४ सेकंदांनी ‘स्टार्ट’ सोडायचा. हे माहीत नसल्यामुळे ‘बंद पडलाय’ म्हणून स्वस्तात निघालेले ऑर्गनही असतात.

मोटर रडत-कुंथत फिरत असेल तर बहुधा वर्षानुवर्षं तेल मिळालेलं नाही. ते ठरावीक तेल कपांमध्ये थेंबाथेंबाने घालायचं असतं आणि दोऱ्यांवाटे ते बेअरिंगपर्यंत झिरपायला वेळ लागतो. गंज काढायचा स्प्रे आत मारून ठेवलेला असेल तर किंमत पाडून मागा.

व्होल्टेज बघितलं, हर्ट्झ विसरले

दुसऱ्या देशातून आलेला ऑर्गन असेल तर मागची पट्टी वाचा. जपानसाठी बनलेला १०० व्होल्टचा, अमेरिकेसाठीचा १२० च्या आसपासचा. २३० च्या घरात तो थेट लावला तर धूर निघेल. योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून हा प्रश्न सुटतो, आणि इलेक्ट्रॉनिक ऑर्गनचं काम सहसा तेवढ्यावर भागतं.

टोनव्हीलचं भागत नाही. त्याची मोटर विजेच्या हर्ट्झवर चालते आणि ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. ६० हर्ट्झचा ऑर्गन ५० वर लावला की वेग सहाला पाच या प्रमाणात उतरतो. म्हणजे सा दाबला की खालच्या सप्तकातला शुद्ध धैवत ऐकू येतो. सगळेच सूर सारखे उतरलेले असल्यामुळे एकट्याने वाजवताना पटकन लक्षात येत नाही, दुसरं वाद्य जोडीला आलं की पंचाईत होते. ट्यूनर खिशात ठेवा.

पियानोची हौस ऑर्गनवर भागवणं

ऑर्गनची पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, बहुतेक मॉडेलांत आवाज तेवढाच. लहान-मोठा करायचा तो पायातल्या एक्स्प्रेशन पेडलने. मुलाला पियानो शिकवायचाय म्हणून ऑर्गन घेणं चूक आहे. पट्ट्याही मोजून घ्या. लहान स्पिनेट ऑर्गनमध्ये दोन्ही कीबोर्ड बहुधा ४४ पट्ट्यांचे, एकमेकांपासून सरकवलेले, आणि पेडलं १२-१३. मोठ्या कन्सोलमध्ये ६१ पट्ट्या आणि २५ पेडलं. चर्चमधलं वादन शिकायचं असेल तर स्पिनेट लवकरच अपुरा पडतो.

वर्षानुवर्षं बंद असलेला ऑर्गन खटकन चालू करणं

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर पडून राहून बिघडतात. अचानक पूर्ण व्होल्टेज मिळालं की एखादा फुटतो आणि जाताना ट्रान्सफॉर्मरही नेतो. असा ऑर्गन जाणत्या माणसाकडून व्हेरिअ‍ॅकवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर) हळूहळू व्होल्टेज चढवत चालू करून घ्यावा. त्याआधी टॉर्च मारून आत बघा: उंदराचं घरटं (पेडलांच्या मागे त्यांना फार आवडतं), कुरतडलेल्या वायरी, तडकलेलं रबरी आवरण. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ऑर्गनमध्ये शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात, म्हणून बघायचं ते हात न घालता.

हलवण्याचा विचार शेवटी करणं

१९८० च्या दशकात स्वस्त पोर्टेबल कीबोर्ड आले आणि घरगुती ऑर्गनचा बाजार बसला. त्यामुळे बरेच ऑर्गन फुकट मिळतात. फुकट ऑर्गनचा खरा खर्च वाहतुकीचा. हॅमंड बी-३ बाक आणि पेडलांसकट १९० किलोच्या घरात जातो, साधा स्पिनेटही शंभरीला टेकतो. जिन्याचं वळण आणि दाराची रुंदी आधी मोजा. पेडलबोर्ड वेगळा निघत असेल तर काढा. कन्सोल हॅमंडचा जनरेटर स्प्रिंगांवर लटकलेला असतो, तो हलवण्याआधी बोल्टने आवळायचा आणि घरी आणल्यावर सैल करायचा. हे दुसरं काम हमखास राहतं आणि मग सगळ्या पेटीत घुरघुर ऐकू येते.

सोबत लेस्ली स्पीकर (आतला भाग फिरवून आवाज डोलवणारी वेगळी पेटी) मिळत असेल तर ऑर्गनला तो कोणत्या किटने जोडला होता ते विचारा. लेस्ली १२२ आणि १४७ या दोघांचा प्लग सहा पिनांचाच, पण आतली जोडणी वेगळी. बसतो म्हणून लावला तर नुकसान होतं.

घरी आणल्यावर आवाजच येत नसेल तर

मेकॅनिकला बोलवायच्या आधी हेडफोनच्या जॅकमध्ये प्लग दोन-चारदा घालून काढा. स्पीकर तोडणारा कॉन्टॅक्ट बरेचदा तिथेच अडकलेला असतो. मग वाटेत सैल झालेले कनेक्टर, अर्थात प्लग काढून. आवाज अगदी बारीक येत असेल आणि एक्स्प्रेशन पेडल दाबून फरक पडत नसेल, तर पेडलखाली डोकवा: अनेक ऑर्गनमध्ये तिथे एक छोटा दिवा आणि प्रकाशावर चालणारा रेझिस्टर असतो, पेडल मधली झडप हलवतं. दिवा गेला की आवाज गेला. नवा घेताना त्याच व्होल्टेजचा आणि तेवढाच करंट घेणारा घ्या. एलईडी बसवला तर बहुधा पेडलची चाल बिघडते.