डिजिटल प्रशिक्षण वाया का जाते? या चुका टाळा

नवी संगणक प्रणाली येते, तिचा ऑनलाइन अभ्यासक्रम सर्वांना पाठवला जातो, मुदतीत प्रत्येकाच्या नावापुढे ‘पूर्ण’ अशी नोंदही होते आणि तरीही काम पूर्वीच्याच गतीने, पूर्वीच्याच चुकांसह चालू राहते. अशा वेळी कर्मचाऱ्यांना शिकायचेच नसते, असा निष्कर्ष घाईने काढला जातो; पण दोष बहुधा प्रशिक्षणाच्या आखणीत असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे अभ्यासक्रम संपला की कौशल्य आले, असे मानणे. स्क्रीनच्या एका कोपऱ्यात आवाज बंद केलेला व्हिडिओ चालू असतो, दुसरीकडे ईमेलना उत्तरे दिली जात असतात, शेवटची प्रश्नावली अंदाजाने सोडवली जाते आणि प्रमाणपत्र मिळते. शिकण्यासाठी रोजच्या कामातून एक तासही मोकळा करून दिला नसेल, तर याबद्दल कर्मचाऱ्याला बोल लावणे अन्यायाचे आहे. अमेरिकी प्रशिक्षणतज्ज्ञ डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणे, कामाच्या पद्धतीतील बदल आणि परिणाम. पुष्कळ संस्था दुसऱ्या पायरीवरच थांबतात. त्याऐवजी महिन्याभराने प्रत्यक्ष काम शेजारी बसून पाहावे. माहिती आधी जुन्या एक्सेल शीटमध्ये भरून संध्याकाळी नव्या प्रणालीत उतरवली जात असेल, तर रागावण्यापूर्वी अडते कुठे ते विचारावे. एखादा आवश्यक रकाना प्रणालीत नसतो किंवा परवानगीच दिलेली नसते. त्यावर आणखी एक प्रशिक्षण हा उपाय नव्हे.

सगळे एकाच दिवशी शिकवणे ही दुसरी चूक. उजळणी झाली नाही तर शिकलेले सुरुवातीला फार झपाट्याने विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच प्रयोगांनी दाखवले होते. छोटी सत्रे काही दिवसांच्या अंतराने घ्यावीत आणि प्रत्येक वेळी आधी शिकवलेले काम टिपणे न पाहता करून घ्यावे.

कर्मचाऱ्यांना कामाबद्दल दिल्या जाणाऱ्या अभिप्रायाबाबत मात्र अधिक सावध राहायला हवे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या संशोधकांनी 1996 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सरासरीने कामगिरी सुधारत असली तरी एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर ती घसरल्याचे आढळले. रोख कामावरून माणसाकडे वळला की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो. ‘तुम्ही निष्काळजी आहात’ यापेक्षा ‘या अहवालात मागच्या महिन्याचे आकडे राहिले आहेत’ हे सांगणे उपयोगी ठरते, आणि तेही वार्षिक मूल्यमापनाची वाट न पाहता त्याच आठवड्यात.

डॅशबोर्डवरील लॉगिनची वेळ किंवा निकाली काढलेल्या तक्रारींची संख्या यांवरून कामाचा दर्जा ठरवू नये. त्याच तक्रारी पुन्हा किती आल्या, हेही पाहावे. पुढचा अभ्यासक्रम पाठवण्यापूर्वी वरिष्ठांनी संबंधित कर्मचाऱ्याशी बोलून नेमके कोणते काम वेगळ्या पद्धतीने व्हायला हवे ते ठरवावे आणि ते काम पुन्हा पाहण्याची तारीख तिथेच दोघांच्या कॅलेंडरमध्ये नोंदवावी.