लंडनहून पंधरा दिवस आधी घरी

लेकीकडे लंडनला गेले होते, परतीचं तिकीट २ एप्रिल २०२० चं. १६ मार्चला बातमी: कोरोनामुळे १८ तारखेला तिथल्या दुपारी बारानंतर भारतात येणारं विमानच नाही! विमान कंपनीचा फोन दीड तास कानाला लावला, नुसतं संगीत. शेवटी जावई म्हणाले, "आई, ते तिकीट राहू दे, नवीन काढू." आखातात विमान बदलून येणाऱ्यांना सक्तीचं विलगीकरण लागणार होतं, म्हणून महाग पडलं तरी १७ च्या रात्रीचं थेट मुंबईचं घेतलं.

उतरल्यावर डाव्या हातावर घरीच विलगीकरणात राहायचा शिक्का. भांडी घासघासूनही आठवडाभर शाई जाईना. जुनं तिकीट मात्र मी मुद्दामच रद्द केलं नव्हतं. कंपनीनंच उड्डाण रद्द केलं, तेव्हा पूर्ण पैसे मागितले. ऑगस्टात मिळाले.