बॉल सोडा, लाइनमन बघा

अमेरिकन फुटबॉल बघायला बसलं की सगळ्यांची नजर बॉलवर, आणि मधे ती पाच धिप्पाड माणसं नेमकी कशासाठी ढकलाढकली करतायत ते कळतच नाही. मी पण दोन सीझन असेच घालवले. आता उलटं करतो, आधी त्या पाचांपैकी एक, म्हणजे एक लाइनमन पकडायचा आणि अख्खा ड्राइव्ह (बॉल सलग एका टीमकडे असतो तेवढा वेळ) फक्त त्यालाच बघायचा.

शोधायला सोपा आहे. ऑफेन्सच्या, म्हणजे बॉल असलेल्या टीमच्या, लाइनवरचे नंबर ५० ते ७९. मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. लेफ्ट टॅकलपासून सुरुवात करा, कारण उजव्या हाताने थ्रो करणारा क्वार्टरबॅक बॉल घेऊन मागे आला की त्याची पाठ डावीकडे असते, तिकडून कोण धावून येतंय ते त्याला दिसत नाही, ती बाजू लेफ्ट टॅकल सांभाळतो.

स्नॅप झाला, म्हणजे सेंटरने बॉल मागे देऊन प्ले सुरू केला, की हेल्मेट बघा. वर उठलं आणि गडी मागे सरकला तर पास (बॉल फेकणार), खालीच राहून पुढे घुसलं तर बहुतेक रन (बॉल घेऊन पळणार). (प्ले-अ‍ॅक्शनमधे, म्हणजे रनचं सोंग करून पास टाकताना, मुद्दाम फसवतात, तिथे आपण पण खुशाल फसायचं.) मग पाय. बाहेरचा पाय मागे टाकायचा, आतला ओढून घ्यायचा, पायात पाय येऊ द्यायचा नाही, खेकड्यासारखं, आणि हे १४० किलोच्या आसपासचा माणूस करतोय हे लक्षात ठेवा. हात समोरच्याच्या छातीवर हवेत, बाहेरून जर्सी ओढली की होल्डिंगचा फाउल, टीम १० यार्ड मागे. रेफरी माइकवर त्याचा नंबर पुकारतो तो बहुतेक असल्याच वेळी, चांगलं खेळला तर कोण विचारतंय!

करिअर फॉलो करायचं तर यार्ड, टचडाउन विसरा, स्नॅप, म्हणजे प्ले, किती खेळला ते बघा. क्लीव्हलंड ब्राउन्सचा जो थॉमस २००७ च्या ड्राफ्टमधे (टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) तिसरा उचलला गेला आणि २०१७ मधे ट्रायसेप्स फाटेपर्यंत सलग १०,३६३ स्नॅप खेळला, एकही न चुकवता, आणि एवढ्या वर्षांत टीम एकदाही प्लेऑफला गेली नाही! २०२३ मधे हॉल ऑफ फेम मिळालं. रिटायर झाल्यावर त्याने वजन इतकं उतरवलं की जुन्या फोटोतला तोच आहे हे पटत नाही.

ड्राफ्टच्या नंबरावर फार जाऊ नका. ईगल्सचा जेसन केल्सी १९१ वा होता. जॉर्डन मायलाटा २३३ वा, सिडनीचा रग्बी लीगवाला, त्याआधी फुटबॉलची एक मॅच खेळला नव्हता, आणि २०२५ ला सुपर बोल (लीगची फायनल) जिंकणाऱ्या ईगल्सचा लेफ्ट टॅकल तोच. दुसरी बाजू पण माहीत असू द्या, स्टीलर्सचा सेंटर माइक वेबस्टर २००२ मधे गेला आणि त्याच्या मेंदूत सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) सापडला, एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या खेळाडूंमधली ती पहिली केस.

शेवटचं म्हणजे चौथ्या क्वार्टरमधे दोन प्लेच्या मधला वेळ बघा. समोरचे डिफेन्सवाले आळीपाळीने बाहेर जाऊन ताजे होऊन येतात. आपला गडी कमरेवर हात ठेवून धापा टाकत तिथेच उभा असतो.