ग्रुपवरचे जुने संभाषण शोधायला बसण्यापूर्वीची तयारी

‘गोगलगायीवर त्या साली कोणी तरी चांगला उपाय सांगितला होता, तेवढा शोधून टाका,’ अशी मागणी आमच्या लातूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर पावसाळ्यात एकदा तरी येते, आणि ॲडमिन या नात्याने ती बहुधा माझ्याच गळ्यात पडते. सुरुवातीला मी लगेच फोन उघडून शोधपट्टीत शब्द टाकत असे आणि अंगठा दुखेपर्यंत संदेश सरकवत बसत असे. आता वही-पेन जवळ घेतल्याशिवाय फोनला हात लावत नाही, कारण शोधातील निम्मे काम कागदावरच होते. ज्यांच्यावर हे काम येते त्यांच्यासाठी माझी तयारीची यादी येथे सविस्तर लिहून ठेवतो.

सर्वांत आधी हातातील फोन सुरक्षित करावा. जागा भरली आहे म्हणून शोधाच्या आदल्या दिवशी फोनची साफसफाई करण्याचा मोह अनेकांना होतो. तो कटाक्षाने टाळावा. फोन नवा असेल तर व्हॉट्सॲप सुरू करतानाच जुना बॅकअप उतरवून घ्यावा. ती पायरी ओलांडून पुढे गेल्यास रिकाम्या फोनचा नवा बॅकअप जुन्यावर चढतो आणि मागचे काहीच शिल्लक राहत नाही. हे मी २०२१ च्या दिवाळीत स्वतः करून बसलो आहे. घरात पाहुणे होते, फोन नवा होता, समोर आलेला प्रश्न न वाचताच मी पुढे गेलो, आणि त्याआधीचा सगळा ग्रुप माझ्या फोनमधून गेला तो गेलाच. अँड्रॉइड फोनमध्ये रोज पहाटे दोनच्या सुमारास फोनमधल्या फोनमध्येच एक बॅकअप तयार होतो, परंतु अशा फाइली साधारण शेवटच्या सात दिवसांच्याच राहतात. म्हणून चुकून काही पुसले गेल्याचे लक्षात आल्यास आठवडा उलटण्याच्या आत त्यांची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवावी.

फोनची व्यवस्था लागली की वहीत काळ लिहावा, आणि या कामाला मी सर्वांत जास्त वेळ देतो. आपल्याकडे इंग्रजी तारीख क्वचितच कोणाच्या लक्षात राहते. लोक सांगतात ते असे: आर्द्रा लागली होती, रेल्वेने पाणी आले त्या उन्हाळ्यात, बोंडअळीच्या साली, येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, आदल्या दिवशी. या खुणा तारखेपेक्षा जास्त भरवशाच्या असतात, फक्त त्यांचे तारखेत रूपांतर करून घ्यावे लागते. आर्द्रा नक्षत्र दर वर्षी २१-२२ जूनच्या सुमारास लागते. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली ती एप्रिल २०१६ मध्ये. गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला ते साल २०१७, आणि सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर शंखी गोगलगायींची धाड पडली तो खरीप २०२२ चा. वेळ अमावस्येच्या बाबतीत मात्र पंचांग उघडल्याशिवाय पुढे जाऊ नये. ती २३ डिसेंबर २०२२ रोजी आली, त्यानंतर अधिक मासामुळे पुढची थेट ११ जानेवारी २०२४ ला, आणि तिच्या पुढची ३० डिसेंबर २०२४ ला. म्हणजे २०२३ या इंग्रजी वर्षात वेळ अमावस्या आलीच नाही आणि २०२४ मध्ये दोनदा आली. ‘तेवीसच्या येळवशीला बोललो होतो’ असे एका मामांनी ठामपणे सांगितले, तेव्हा मी सगळा डिसेंबर २०२३ चाळून काढला आणि संभाषण सापडले ते जानेवारीत. काळ एकदा आठ-दहा दिवसांच्या टप्प्यात आला की शोधपट्टीतील कॅलेंडरच्या चिन्हावर बोट ठेवून थेट त्या तारखेला जाता येते. अँड्रॉइडवर ही सोय २०२४ पासून आली आहे आणि तिच्यामुळे अंगठ्याचे बरेच कष्ट वाचले आहेत.

काळाच्या खाली शब्दांची यादी करावी. येथे बहुतेक जण एकच चूक करतात: विषयाचा शब्द शोधतात. ‘गोगलगाय’ हा शब्द टाकला तर त्या एका खरिपातील शेकडो संदेश समोर येतात, त्यांत फोटो, हळहळ, नुकसानभरपाईची चौकशी आणि विनोद असे सगळेच असते. म्हणून त्या विशिष्ट संभाषणातच आला असेल आणि इतरत्र सहसा येणार नाही, असा शब्द आठवून पाहावा. आम्हाला हवा होता तो उपाय गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी शेतात जागोजागी टाकून सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून नष्ट करण्याचा होता. तेव्हा ‘गूळ’, ‘पोते’, ‘गोणपाट’, ‘बारदाना’ असे चार शब्द मी वहीत लिहिले. पहिल्या तिघांनी निराशा केली आणि ‘बारदाना’ टाकल्यावर केवळ सहा संदेश आले, त्यांतील तिसरा हवा तो होता.

मात्र शब्द ठरला म्हणजे तो लिहिण्याची रीतही ठरली असे नाही. आपले सभासद बोलतात तसे लिहितात, त्यामुळे लातूर आणि लातुर, सोयाबीन आणि सोयाबिन, हुमणी आणि हुमनी अशी प्रत्येक शब्दाची निदान दोन रूपे धरून चालावे. विभक्ती लागली की मराठी शब्दाचे रूपच बदलते. ‘गूळ’ शोधणाऱ्याला ‘गुळाच्या’ सापडत नाही आणि ‘पोते’ शोधणाऱ्याला ‘पोत्यावर’ सापडत नाही. म्हणून शब्दाचा सुरुवातीचा न बदलणारा तुकडा, जसे ‘गुळा’ किंवा ‘पोत्या’, वेगळा टाकून पाहावा. रोमन लिपीत मराठी लिहिणारे सभासद प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, तेव्हा प्रत्येक शब्दाची रोमन रूपेही लिहून ठेवावीत. वाणांच्या बाबतीत आणखी काळजी घ्यावी लागते, कारण बदनापूरच्या संशोधन केंद्रातून आलेल्या तुरीच्या ‘बीडीएन ७११’ या वाणाला कोणी सलग लिहितो, कोणी मध्ये जागा सोडतो, कोणी देवनागरी आकडे वापरतो तर कोणी इंग्रजी, आणि बरेच जण नुसते ‘सातशे अकरा’ म्हणून मोकळे होतात.

मराठवाड्यात शोध घेणाऱ्याने गावांची आणि संस्थांची जुनी-नवी नावेही शेजारी-शेजारी लिहून ठेवणे गरजेचे आहे. औरंगाबाद आणि उस्मानाबाद या शहरांची नावे फेब्रुवारी २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. त्याआधीच्या संदेशांत जुनी नावे जास्त मिळतील, आणि त्यानंतरच्या संदेशांत दोन्ही मिळतील, कारण तोंडातील नाव काही एका दिवसात बदलत नाही. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नावाआधी वसंतराव नाईक यांचे नाव २०१३ मध्ये लागले. आजही कोणी त्याला ‘मकृवि’ लिहितो, कोणी ‘वनामकृवि’, आणि बहुसंख्य लोक नुसते ‘परभणी’ म्हणतात.

यानंतर कोणाच्या फोनमध्ये शोधायचे ते ठरवावे. व्हॉट्सॲपवरील संदेश सभासदांच्या फोनमध्येच राहतात, त्यामुळे ग्रुपमध्ये उशिरा आलेल्याकडे जुने संभाषण नसते आणि दर महिन्याला ग्रुप साफ करणाऱ्याकडेही नसते. आपोआप नाहीसे होणाऱ्या संदेशांची सोय ग्रुपवर चालू असेल, तर २४ तास, सात दिवस किंवा ९० दिवस यांपैकी जी मुदत ठेवली असेल तिच्यापलीकडचे शोधण्यात अर्थ नाही. हे सेटिंग आधीच पाहून घ्यावे. मग असा सभासद शोधावा जो पहिल्यापासून ग्रुपमध्ये आहे आणि ज्याला काहीही पुसण्याची सवय नाही. आमच्याकडे औसा तालुक्यातील एक आबा आहेत. त्यांच्या फोनची काच तडकलेली आहे, पण सुप्रभातचे फोटोसुद्धा त्यांनी पुसलेले नाहीत. ‘आबा, मी रविवारी येईपर्यंत ग्रुपमधलं काही काढू नका आणि फोन दुरुस्तीला देऊ नका,’ एवढा निरोप त्यांना आधी द्यावा लागतो. जाताना त्यांच्या फोनला चालेल असा चार्जर बरोबर न्यावा. संगणकावर जोडलेल्या व्हॉट्सॲपमध्ये सगळे जुने संदेश येत नाहीत, म्हणून मूळ फोनच हातात घ्यावा. चर्चा टेलिग्रामवर झालेली असेल तर हा खटाटोप वाचतो. तेथे ॲडमिनने जुने संदेश खुले ठेवले असल्यास नव्या सभासदालाही ते दिसतात. याहू ग्रुप्सची सेवा मात्र डिसेंबर २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा तेथील चर्चा सभासदांच्या जुन्या ईमेलमध्ये शोधावी.

संपूर्ण ग्रुप एकदाच फाइलमध्ये उतरवून घेऊ, असे कोणाच्या मनात येत असेल तर आधी गणित करावे. फोटो-व्हिडिओ वगळून एका वेळी सर्वांत अलीकडचे ४०,००० संदेश निघतात, आणि त्यांच्यासह काढल्यास फक्त १०,०००. ज्या ग्रुपवर रोज शंभर संदेश पडतात त्याचे ४०,००० संदेश म्हणजे जेमतेम ४०० दिवस, तेव्हा २०२२ चा खरीप आज अशा फाइलमध्ये येणे शक्य नाही. ग्रुप मितभाषी असेल तर ही फाइल फारच उपयोगी पडते, कारण साध्या मजकुरात शब्दाचा कोणताही तुकडा शोधता येतो. ती काढण्याआधी मुख्य सभासदांचे क्रमांक नावानिशी साठवून घ्यावेत. ज्याचे नाव साठवलेले नाही त्याचा फाइलमध्ये नुसता क्रमांक येतो, आणि कोण काय बोलले हे मग उमगत नाही.

लिहिलेला मजकूर शोधपट्टीला सापडतो, परंतु बोललेला आणि फोटोतला सापडत नाही, आणि आमच्या ग्रुपवरचे कामाचे बोलणे तर बहुतांशी व्हॉइस मेसेजमध्ये असते. अशा वेळी फाइलच्या नावाचा आधार घ्यावा. अँड्रॉइडवर फोटोचे नाव ‘आयएमजी-२०२२०७०९-डब्ल्यूए००१२’ अशा धर्तीचे असते आणि व्हॉइस मेसेजचे नाव ‘पीटीटी’ या अक्षरांनी सुरू होते. मधले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. वहीत काळ नीट लिहिलेला असेल तर त्या आठवड्यातील वीस-पंचवीस ध्वनिफिती एका बैठकीत ऐकून होतात. कानाला लावायला इअरफोन न्यावा, कारण पारावर बसून दुसऱ्याच्या फोनमधील आवाज मोठ्याने ऐकणे बरे दिसत नाही.

संभाषण वाद मिटवण्यासाठी किंवा विम्याच्या दाव्यासाठी हवे असेल, तर तयारी थोडी वेगळी लागते. नुसता स्क्रीनशॉट न्यायालयात पुरेसा ठरेलच असे नाही; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, म्हणून मूळ संदेश असलेला फोन जपून ठेवावा आणि पुढचे वकिलांना विचारावे. इतर कोणत्याही कारणासाठी संदेश ग्रुपबाहेर न्यायचा असल्यास लिहिणाऱ्याची परवानगी घ्यावी. तो हयात नसेल तर मी घरच्यांना विचारतो.

सापडलेला संदेश एकटा उचलू नये, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. त्याच्या आधीचा प्रश्न आणि नंतरचे निदान वीस-तीस संदेश सोबत घ्यावेत, कारण दुरुस्ती बहुधा खालीच असते. एका फवारणीचे प्रमाण आमच्या एका दादांनी ‘पंपाला इतके मिली’ असे लिहिले होते आणि तेवढाच संदेश पुढे फिरत राहिला. त्याच्या खाली चौथ्या संदेशात गुरुजींनी विचारले होते, ‘पंप पंधरा लिटरचा का वीसचा?’, आणि उत्तर आले होते दुसऱ्या दिवशी दुपारी, मधल्या साठ संदेशांनंतर. तेव्हापासून मी सापडलेल्या भागाचा आरंभ आणि शेवट यांच्या तारखा, वेळ आणि बोलणाऱ्यांची नावे वहीत उतरवतो, त्या संदेशांना तारांकित करतो, आणि प्रत ज्या फाइलमध्ये ठेवतो तिला ‘२०२२-०७ गोगलगाय बारदाना’ असे वर्ष-महिन्यापासून सुरू होणारे नाव देतो, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात मागणी आली की आबांचा फोन मागायला औशाला जावे लागत नाही.