उत्तर बरोबर, तरी गुपित फुटलं: सुरक्षित संगणनात या चुका टाळा

सुरक्षित संगणन म्हणजे अनेकांनी आपापला डेटा एकमेकांना न दाखवता, त्याचे तुकडे वाटून, मिळून उत्तर काढणं. त्याचा कोड लिहिताना खरी पंचाईत ही, की इथल्या वाईट चुका टेस्टमध्ये सापडत नाहीत. बेरीज जुळते, सगळ्या टेस्ट पास होतात आणि डेटा केव्हाच बाहेर गेलेला असतो.

नवशिक्यांची पहिली चूक म्हणजे मॉड्युलसशिवाय (म्हणजे ठरावीक आकड्याने भागून फक्त बाकी न ठेवता) गुपिताचे तुकडे पाडणं. सगळ्या तुकड्यांची बेरीज म्हणजे गुपित. समजा 12 हा आकडा तिघांत वाटायचाय. 0 ते 99 मधले दोन रँडम आकडे घेतले, 95 आणि 97. तिसरा तुकडा उरला उणे 180. तो ज्याच्या हाती पडला त्याला लगेच कळतं, की मूळ आकडा 18 च्या वर असूच शकत नाही, कारण पहिल्या दोघांची बेरीज फार तर 198. तेच गणित मॉड्युलो 100 केलं, म्हणजे 100 ने भागून उरलेली बाकीच ठेवली, तर तिसरा तुकडा 20 होतो आणि त्यावरून काही म्हणजे काही निघत नाही. बेरीज दोन्हीकडे बरोबरच येते, म्हणून तर ही चूक टिकते.

गुणाकारासाठीचं बीव्हर ट्रिपल (दोन रँडम आकडे आणि त्यांचा गुणाकार, आधीच तुकड्यांत वाटलेले; गुपितांतून हे आकडे वजा करूनच ती उघड करतात) एकदा वापरलं की टाकून द्या. वेळ वाचवायला तेच पुन्हा वापरलंत, तर दोन्ही वेळी उघड झालेले आकडे वजा करून कोणीही दोन गुपितांमधला फरक काढतो.

उत्तर 18446744073709551615 आलं? घाबरू नका, ते बहुधा 64 बिटांतलं उणे 1 आहे. 65536 पटीने मोठं आलं तर 16 बिटांच्या अपूर्णांकाचा गुणाकार झाल्यावर ट्रंकेशन, म्हणजे जादा बिट्स कापणं, राहिलंय. या चुका परवडल्या, निदान दिसतात तरी.

तीन सर्व्हर आणि तिन्हींचा ॲडमिन एकच, हा प्रकारही सर्रास चालतो. मग तुकडे पाडले कशाला? 2008 मध्ये डेन्मार्कमधल्या शुगर बीटच्या लिलावात एक सर्व्हर खरेदीदार कंपनीकडे, एक शेतकऱ्यांच्या संघटनेकडे आणि एक संशोधकांकडे होता. हितसंबंध वेगळे, म्हणून संगनमताची भीती कमी.

सगळ्यात दुर्लक्षित जागा मात्र उत्तराची. प्रोटोकॉल इनपुट झाकतो, उत्तरातून जे कळतं ते झाकत नाही. दोघांच्या पगाराची बेरीज जाहीर केली, की प्रत्येकाला दुसऱ्याचा पगार कळलाच. अँड्र्यू याओंनी 1982 मध्ये मांडलेला कोट्यधीशांचा प्रश्न घ्या: श्रीमंत कोण, एवढंच कळावं. पण एकाला दर फेरीला आपला आकडा बदलायची मुभा दिली, तर 10 लाख शक्यतांमधून समोरच्याचा नेमका आकडा तो 20 फेऱ्यांत शोधतो. प्रत्येक फेरी मात्र नियमानुसारच. तेव्हा इनपुट सुरुवातीलाच कमिट करून घ्या, म्हणजे नंतर बदलता येणार नाही असं बांधून घ्या, आणि फेऱ्यांवर मर्यादा घाला. आकडेवारी द्यायची असेल, तर डिफरन्शियल प्रायव्हसीचा नॉइज (एकेकाचा डेटा ओळखू येऊ नये म्हणून उत्तरात मिसळलेला रँडम फरक) मिसळा, पण प्रायव्हसी बजेट, म्हणजे एकूण किती माहिती फुटू द्यायची ती मर्यादा, मोजून. तोच प्रश्न शंभरदा विचारू दिला आणि दर वेळी नवा नॉइज टाकला, तर सरासरीत तो जवळजवळ विरून जातो.